चुलीचा धूर, कॅटॅलिटिक जाळी आणि चार इंची पाइप

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव. स्लॅबचं नवं घर, त्यात गॅस आहे. पण माय अजून मागच्या टिनाच्या सपरीत चुलीवरच भाकरी करते आणि अंघोळीचं पाणीही तिथेच तापतं. धुरानं तिचा खोकला हटत नाही. तुम्ही मोबाइलवर अमेरिकेतले कॅटॅलिटिक लाकडी स्टोव्ह पाहिले, काचेचं दार असलेले, रात्रभर जळणारे, धुराड्यातून धूर जवळपास न दिसणारे. तसा स्टोव्ह आणावा, की गाडीच्या भंगारातला कॅटकॉन (सायलेन्सरच्या नळीतला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) चुलीच्या पाइपात बसवावा, असं तुम्ही विचारलंय. वेल्डर तयार आहे म्हणता.

कॅटकॉन बसवू नका. सपरीसाठी तो स्टोव्हही घेऊ नका. तुमच्या मायला हवी आहे नीट मापाची, पाइप लावलेली चूल आणि कोरडं सरपण. चुली बांधण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि चिखलदऱ्याकडे काही घरांत लाकडी हीटरही बसवले आहेत, म्हणून दोन्हीबद्दल सांगू शकतो.

धूर म्हणजे न जळलेलं लाकूड, हे आधी पक्कं करून घ्या. लाकूड तापलं की त्यातलं पाणी उडतं. मग अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे लाकडातून जळाऊ वायू आणि डांबराची वाफ निघू लागते. कोरड्या लाकडाच्या वजनातला साधारण तीन-चतुर्थांश भाग असा वायू होऊन निघून जातो, मागे कोळसा उरतो. आपल्याला दिसते ती ज्वाळा या वायूंची. त्यांना ६०० अंशांच्या आसपास उष्णता, पुरेशी हवा आणि जळायला थोडी जागा मिळाली तर ते जळून जातात. यातलं एक जरी कमी पडलं तर तेच वायू मायच्या डोळ्यांत जातात, नाहीतर पाइपात थंड होऊन चिकट काळं डांबर होऊन बसतात.

थंड देशांत रात्रभर मंद ऊब लागते, म्हणून तिथे स्टोव्हची हवा आवळून ठेवतात. हवा आवळली की आग मंदावते आणि धूर वाढतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत या धुराचा त्रास इतका वाढला की १९८८ मध्ये तिथल्या सरकारनं लाकडी हीटरच्या धुरावर मर्यादा घातली. २०२० पासून ती तासाला २ ग्रॅमच्या आसपास आहे. कॅटॅलिटिक स्टोव्ह हा त्याच काळातला उपाय. आगीच्या वर, धुराच्या वाटेत, मधाच्या पोळ्यासारखी आरपार भोकांची एक वीट बसवलेली असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम अशा धातूंचा पातळ थर असतो. या थरावर धुरातले वायू ६०० ऐवजी साधारण २६० अंशांनाच पेट घेतात. एकदा पेटले की त्यांच्याच उष्णतेनं जाळी तापलेली राहते, आणि धुरात वाया जाणारी उष्णता घरात येते.

आता ही जाळी आपल्या चुलीच्या पाइपात का चालत नाही ते पाहू. चुलीचं तोंड उघडं असतं. तिथून लागते त्याहून किती तरी जास्त गार हवा आत ओढली जाते, पुढे गंज (पातेलं) आणि तवा उष्णता घेतात, आणि पाइपाशी पोचेपर्यंत वायू दीडशे-दोनशे अंशांवर आलेले असतात. इतक्या उष्णतेत जाळी पेटतच नाही. न पेटलेली जाळी म्हणजे धुराच्या वाटेत बसवलेला बूच. त्यातही गाडीच्या कॅटकॉनमध्ये चौरस इंचाला सहसा ४०० भोकं असतात. लाकडी स्टोव्हच्या जाळीत १६ ते २५. पेट्रोलच्या धुरासाठी केलेली ती बारीक भोकं चुलीच्या काजळीनं आणि गोवरीच्या राखेनं बघता बघता बुजतात. मग धूर तोंडातून सपरीत परत येतो आणि त्याच्यासोबत कार्बन मोनॉक्साइडही. तो दिसत नाही, त्याला वास नाही. आज तुमच्या मायला धुराचा त्रास आहे, उद्या जीवावर बेतेल. वेल्डरला स्पष्ट नाही म्हणा.

शिवाय स्वयंपाकाचा जाळ आणि खोली गरम करायची आग यांचा स्वभावच निराळा. भाकरीला तासभर दणकट जाळ लागतो, वरणाला थोडा, पाण्याला मोठा, आणि काम झालं की लाकूड ओढून घ्यायचं. कॅटॅलिटिक स्टोव्ह एकदा भरायचा आणि दार लावून आठ-दहा तास मंद जळू द्यायचा. त्याच्या माथ्यावर पाण्याचं भांडं गरम राहील, पण मंद चालीत ज्वारीची भाकर फुगणार नाही. आणि मे महिन्यात ४५ अंशांत घर तापवणारं यंत्र कोणाला हवंय?

विदर्भात त्याची जागा असलीच तर ती चिखलदऱ्यासारख्या ठिकाणी, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवर, जिथे डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळपासून दारं-खिडक्या लावून बसावं लागतं. तिकडचे कोणी वाचत असतील आणि स्टोव्ह आणायचं ठरलंच असेल, तर त्यांच्यासाठी लिहितो.

स्टोव्हखाली फरशी किंवा विटांचा थर असू द्या. लाकडी भिंत, पडदे, पलंग यांपासून तीन फूट अंतर राखा. कंपनीच्या पुस्तिकेत वेगळं अंतर दिलं असेल तर ते पाळा. पाइप स्टोव्हच्या तोंडाच्याच मापाचा हवा, शक्यतो सरळ वर गेलेला, आणि स्टोव्हपासून टोकापर्यंत पंधरा फुटांहून कमी नको. छपरातून निघतो तिथून तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याहून दोन फूट वर, इतकं टोक गेलं पाहिजे. छपरातून जाणारा आणि त्यावरचा पाइप दुहेरी भिंतीचा, मध्ये उष्णतारोधक थर असलेला घ्या, नाहीतर टोकाशी वायू गार पडून डांबर धरेल.

पेटवताना जाळीला वळसा घालणारी झडप उघडी ठेवायची, म्हणजे धूर जाळीत न शिरता थेट पाइपात जातो. बारीक काड्यांवर मोकळ्या हवेत दणकून जाळ करा. जाळीपाशी थर्मामीटर असतो. तो २६० अंशांच्या वर स्थिरावला की झडप लावा. तोवर अर्धा तास लागू शकतो आणि इथेच लोक घाई करतात. झडप लावल्यावरही थोडा वेळ हवा मोकळी ठेवा, जाळी धगधगली की मगच हळूहळू आवळा. लाकूड घालताना आधी झडप उघडा, क्षणभर थांबा, मग दार सावकाश उघडा. तसं न केल्यास खोलीत धुराचा लोट येतो. बाहेर जाऊन धुराडं पाहायची सवय लावा. झडप लावल्यानंतरही पांढरा दाट धूर निघत असेल तर जाळी पेटलेली नाही किंवा लाकूड ओलं आहे. प्लास्टिक, रंगवलेली पाटी, प्लायवूड, चकचकीत छापील कागद, दगडी कोळसा यांतलं काही आत जाऊ देऊ नका. त्यांतलं शिसं, जस्त, गंधक त्या पातळ थरावर बसतं आणि जाळी निकामी करतं. सफाई स्टोव्ह पूर्ण गार झाल्यावर मऊ ब्रशनं, खरवडायचं नाही. नीट वापरली तर जाळी दहा-बारा हजार तास चालते.

तरी माझं मत विचाराल तर चिखलदऱ्यालासुद्धा मी बिनजाळीचा, वरून दुसरी तापलेली हवा सोडून धूर जाळणारा स्टोव्ह घेईन. वर्षातून दोन महिने वापरायच्या यंत्राची जाळी फुटली तर नवी परदेशातून मागवावी लागते.

आता तुमच्या सपरीकडे येऊ.

निर्धूर चुलीचं काम आपल्याच मातीत सुरू झालेलं आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाच्या काळात मगन चूल तयार झाली, १९४७ मध्ये तिची पुस्तिकाही निघाली. पुढे १९८० च्या दशकात केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा कार्यक्रम आला आणि २००२ पर्यंत चालला. त्या काळच्या चुली मी गावोगावी पाहिल्या आहेत, बहुतेक मोडलेल्या. तत्त्व चुकीचं नव्हतं. पाइप कोणी साफ केला नाही, बाईच्या भांड्याचं माप कोणी विचारलं नाही, आणि तोंड इतकं लहान ठेवलं की भाकर निखाऱ्यावर शेकता येईना. मग बायांनी तोंड फोडून मोठं केलं आणि धूर परत आला. त्यात त्यांची काही चूक नव्हती. म्हणून माझं काम मायपासून सुरू होतं. तिचा रोजचा गंज, तवा, पाण्याचा हंडा समोर ठेवा, ती कोणत्या बाजूनं लाकूड सारते ते पाहा, आणि मगच जागा आखा.

तुमच्याकडे जमीन काळी असणार. काळी माती चुलीला वापरू नका. पाण्यानं फुगते, वाळली की तडकते, आणि प्रत्येक तड्यातून चूल खोटी हवा ओढते. जुन्या घरांच्या भिंतीची पांढरी माती किंवा वारुळाची माती आणा. त्यात बारीक कुटार (भुसा) आणि शेण कालवून गारा दोन-तीन दिवस मुरू द्या, रोज तुडवा. चुलीखाली काळी जमीन असेल तर फूटभर खोदून मुरूम भरून ठोका, नाहीतर उन्हाळ्यात जमीन भेगाळली की चूलही भेगाळते. आतून सिमेंटचा गिलावा नको, जाळानं त्याचं बळ जातं आणि पोपडे सुटतात. आत भाजलेली वीट आणि माती, बाहेरून हवं तर सिमेंट.

दोन भोकांची चूल बांधा, पुढे मुख्य आणि मागे वैल. लाकूड घालायचं तोंड मी सहा इंच रुंद आणि जवळपास तितकंच उंच ठेवतो. आत तळापासून दोन-तीन इंच वर सळयांची जाळी टाका. लाकूड तिच्यावर राहतं आणि खालून हवा मिळते. धुरावर एवढ्या एका गोष्टीनं मोठा फरक पडतो. मुख्य भोकातून वैलाकडे जाणारा बोगदा चार इंचांचा, वर चढता. वैलाचा खळगा उथळ ठेवा, म्हणजे जाळ भांड्याच्या बुडाला घासून जाईल. भोकं भांड्यानं पूर्ण झाकली गेली पाहिजेत. लहान भांड्यासाठी लोखंडी कड्या करून घ्या. वैलावर काही नसेल तेव्हा त्यावर झाकण हवंच. आणि तोंडापुढे वीतभर रुंदीचा ओटा काढा. माय तिथे निखारे ओढेल आणि भाकर त्यावर शेकेल. हा ओटा नसेल तर तोंड पुन्हा फुटणार, हे धरून चला.

पाइप चार इंची, जीआय पत्र्याचा. पांढरा ॲस्बेस्टॉसचा पाइप स्वस्त मिळाला तरी तो कापू-घासू नका, ती धूळ फुप्फुसाला फार वाईट. पीव्हीसी तर नकोच. चुलीच्या माथ्यापासून टोकापर्यंत दहा फूट मिळाले तर ओढ चांगली लागते, आणि टोक टिनाच्या वर निदान दोन फूट जाऊ द्या. तुमचं स्लॅबचं घर सपरीला लागून असेल तर टोक स्लॅबच्याही वर न्या, नाहीतर भिंतीवर आपटून वारा धूर खाली दाबेल. जवळची लाकडी बल्ली, फाटे पाइपापासून दीड फूट लांब हवेत. कुटार, कडबा, पऱ्हाट्यांचा भारा त्याच सपरीत असेल तर आधी तो कोठ्याकडे हलवा. टिनातून पाइप निघतो तिथे पत्र्याची झालर बसवा, माथ्यावर पावसाची टोपी, पण टोपी आणि पाइप यांत चार-पाच बोटं मोकळी. पाइपाच्या बुडाशी काजळी काढायचं छोटं दार ठेवा आणि थोडं वर एक सरकती झडप.

पाइपाची ओढ ही आतल्या गरम आणि बाहेरच्या गार हवेतल्या फरकावर चालते. जानेवारीच्या पहाटे बाहेर १५ अंश असतात तेव्हा चूल सुरेख ओढते. मे महिन्यात बाहेर ४५ असले की आतला वायू तितकाच गरम असूनही ओढ जवळपास तिसऱ्या हिश्शानं कमी होते. त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी चूल धुरकटली तर ती बिघडली असं समजू नका. मूठभर सुक्या तुराट्या पेटवून बुडाच्या दारातून पाइपात धरा, पाइप तापला की ओढ लागते, मग चूल पेटवा. जमेल तर उन्हाळ्यात चुलीचं काम सकाळी लवकर उरका आणि दुपारचा चहा गॅसवर करा.

चूल कितीही मापात बांधली तरी ओल्या लाकडापुढे तिचं काही चालत नाही. नुकत्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. ते उडवण्यात उष्णता जाते हे नुकसान आहेच. त्याहून मोठं नुकसान म्हणजे भट्टी गार राहते आणि वायू न जळता निघून जातात. आपल्याकडे मात्र उन्हाळा हा फुकटचा वाळवण-कारखाना आहे, त्याचा उपयोग करा. वावराच्या धुऱ्यावरची बाभूळ छाटायची असेल तर माघ-फाल्गुनात छाटा. लगेच मनगटाएवढ्या जाडीच्या फोडी करा. सालीसकट अख्खं खोड आतून महिनोन् महिने ओलंच राहतं. दगडांवर किंवा विटांवर, जमिनीला न टेकता, हवा खेळेल अशी रचा. मृग लागायच्या आत त्यावर टिन टाका, पण बाजू मोकळ्या राहू द्या. ताडपत्रीनं चहूबाजूंनी गुंडाळलेलं सरपण आतल्या आत कुबट होतं.

वाळलं की नाही हे कळायला दोन फोडी एकमेकींवर ठोका, खणखणीत आवाज आला पाहिजे. टोकांना चिरा पडलेल्या दिसतील. खात्री हवी असेल तर एकाच फोडीवर खूण करून ती दर आठवड्याला वजनकाट्यावर ठेवा. वजन घटायचं थांबलं की वाळली. जाळातली फोड टोकाशी फेस काढत चुरचुरत असेल तर ती परत रचाईत घाला.

पऱ्हाट्या आणि तुराट्या आपल्याकडे भरपूर. पेटवायला फार छान, पण भडकन जळतात आणि एकदम मोठा जुडगा घातला की हवा अपुरी पडून धूर होतो. थोड्या थोड्या सारा. एक गोष्ट पऱ्हाटीबद्दल: तिच्यात बोंडअळीचे कोष राहतात, म्हणून पुढच्या पेरणीपर्यंत घराशी गंजी लावून ठेवू नका, उन्हाळ्यातच जाळून संपवा. भाकरीच्या जाळाला बाभूळ किंवा धावडा घ्या, निखारा टिकतो. गोवरी पाण्याच्या हंड्याखाली ठीक, पण राख फार करते, तेव्हा जाळी रोज झाडावी लागेल. बेशरमच्या काड्या आणि प्लास्टिकची पन्नी चुलीत अजिबात नको. पेटवायला पन्नी वापरायची सवय गावोगाव आहे, ती आधी मोडा.

चूल बांधून झाल्यावर सावलीत आठ-दहा दिवस वाळू द्या, रोज भेगा बुजवा, मग पहिले काही दिवस अगदी लहान जाळ. एकदम मोठा जाळ केला तर आतली ओल वाफ होऊन माती फोडते. रोजच्या वापरात लाकडाची टोकंच आत राहू द्या आणि जळेल तशी पुढे सारा. जाळ पिवळा, स्वच्छ आणि भांड्याखाली वळणारा हवा. पाइपातच जाळ ओढला जात असेल आणि भांडं तापत नसेल तर झडप थोडी लावा. तोंडातून धूर आला तर पूर्ण उघडा. निखारे असेपर्यंत मात्र ती कधीच पूर्ण लावायची नाही. पंधरा दिवसांतून एकदा, चूल गार असताना, दोरीला काथ्याचा गोळा आणि खाली वजन बांधून वरून पाइपात सोडा, दोन-तीनदा वरखाली ओढा, आणि बुडाच्या दारातून काजळी काढा. पावसाळ्यात सरपण दमट असतं, तेव्हा दर आठवड्याला.

सगळं करूनही तोंडातून धूर येतच राहिला तर याच क्रमानं पाहा: पाइप बुजलाय का, वैल उघडा आहे का, भांडं भोकाला नीट बसतंय का, मातीला भेग गेलीय का, लाकूड ओलं आहे का. माझ्या अनुभवात पहिल्या दोनांतच बहुतेक वेळा उत्तर सापडतं.

थंडीत निखाऱ्याची शेगडी किंवा घमेलं बंद खोलीत घेऊन झोपायची पद्धत घरात असेल तर ती आजच बंद करा. धूर नसलेल्या निखाऱ्यातूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि झोपेतच माणूस जातो.

आणि मायचा खोकला दोन आठवड्यांहून जास्त दिवसांचा असेल तर चूल बांधून होण्याची वाट पाहू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी मोफत होते, ती आधी करून घ्या. त्यात काही निघालं नाही तर डॉक्टरांना चुलीच्या धुराबद्दल आणि ती किती वर्षांपासून चुलीपुढे बसते याबद्दल आपण होऊन सांगा, आणि फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी, स्पायरोमेट्री, कुठे होईल ते विचारा.